झ्यूसच्या पायथ्याशी

संजना मोकळला जन्मापासून दिसत नाही आणि तिने ग्रीक देवांवर तीन कादंबऱ्या लिहिल्यात. हे एकापाठोपाठ सांगितलं की लोक पहिल्या गोष्टीवर हळहळतात, दुसरीवर ‘अरे वा’ म्हणतात, आणि तिला दोन्हींचा सारखाच कंटाळा येतो. मी तिची मैत्रीण, रुचिता. मिरा रोडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी घरोघरी जाऊन लोकांचं रक्त घेते आणि उरलेल्या वेळात संजनाची प्रूफं वाचते. ती टाइप करते आणि लॅपटॉप ते बोलून दाखवतो. ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही, म्हणून ते खातं माझ्याकडे.

तिच्या मालिकेचं नाव ‘चौघे आणि बारा’. बारा म्हणजे ऑलिम्पस पर्वतावरचे बारा देव. ही मालिका शाळेतल्या इतिहासाच्या एका ओळीतून निघाली. फार पूर्वी यवनांची, म्हणजे ग्रीकांची, जहाजं सोपाऱ्याच्या बंदराला लागायची, अशी ती ओळ. सोपारा आमच्या खाडीच्या पलीकडेच. संजनाने तेव्हा क्लासमध्ये विचारलं होतं की माणसं एवढ्या लांब आली तर त्यांचे देवही बरोबर आले असतील ना. सर म्हणाले, हे सिलॅबसमध्ये नाही. दहा वर्षांनी तिने स्वतःच उत्तर लिहायला घेतलं. जहाजं परत गेली, देव राहिले. समुद्राचा देव पोसायडन राई गावात खाडीकाठी जाळी शिवत बसतो. संगीताचा देव अपोलो लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. झ्यूसची बायको हेरा एका सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि पार्किंगवरून सगळ्यांशी भांडते. मुलांना हे देव फार आवडले. दुसरा भाग आला तेव्हा चिपळूणपासून नांदेडपर्यंतच्या पोरांची पत्रं आली होती.

आणि चौघे म्हणजे आम्ही. वयं कमी केली, नावं बदलली, तरी आम्हाला आम्ही ओळखू येतो. दहावीच्या क्लासला पहिल्या बाकावर संजना एकटी बसायची, रेकॉर्डर घेऊन. आम्ही तिघं रोज उशिरा यायचो आणि उरलेली जागा तेवढीच असायची. मी, पिंकी आणि अनिश. पिंकी गुजराती, आता भाईंदर पश्चिमेला तिचं पार्लर आहे. अनिश रत्नागिरीकडचा, एसी बसवतो, विसाव्या मजल्याच्या बाहेर लटकून काम करतो. पुस्तकातले चौघे एकमेकांना सोडून कुठेच जात नाहीत. देव त्यांना फसवतात, भांडणं लावून देतात, तरी प्रकरण संपताना चौघे एकत्र असतात. वाचक पत्रात विचारतात की असे मित्र खरंच असतात का. संजना त्यांना ‘हो’ असं उत्तर पाठवते.

खरं असं होतं की आम्ही चौघं एका जागी बसून दोन वर्षं झाली होती. पिंकीच्या पार्लरच्या उद्घाटनाच्या दिवशी अनिशने बसवलेला एसी गळला, आणि बरोबर खुर्चीत बसलेल्या नवरीच्या मेकअपवर गळला. पिंकी सगळ्यांदेखत त्याला नको ते बोलली. तो म्हणाला की भिंत तू निवडली होतीस, मी नकोच म्हणत होतो. त्या दिवसापासून ते दोघं माझ्याशी बोलायचे, संजनाशी बोलायचे, एकमेकांचं नाव काढायचे नाहीत.

तिसऱ्या भागात झ्यूस स्वतः येणार होता. देवांचा राजा, वीज ज्याच्या मुठीत असते तो. दोन भागांत त्याचं नुसतं नाव ऐकून बाकीचे देव आवाज खाली करत होते. संजनाने मे महिन्यात ते प्रकरण लिहून पाठवलं आणि चार दिवसांनी वासंतीताईंचा फोन आला. वासंतीताई पुण्याच्या प्रकाशनात संपादक आहेत, कमी बोलतात. मी तेव्हा संजनाच्या घरीच होते आणि फोन स्पीकरवर होता. त्यांनी आधी हेराचं कौतुक केलं, अपोलोचं केलं. मग म्हणाल्या की झ्यूस आला तेव्हा त्या चहा पीत होत्या, आणि तो येऊन गेला तरी त्या चहा पीतच होत्या.

“तू लिहिलंयस की तो डोंगराएवढा होता,” त्या म्हणाल्या. “डोंगराएवढा म्हणजे केवढा, संजना?”

संजनाने बघते, विचार करते, असं काहीतरी म्हणून फोन ठेवला. मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही, बराच वेळ नखाने टेबलाची कड खरवडत राहिली. मग म्हणाली की ताईंचं बरोबर आहे. डोंगर म्हणजे तिच्या लेखी चढताना लागणारा दम. ‘डोंगराएवढा’ हा शब्द तिने आमच्याकडून ऐकून उचलला आणि आम्ही वापरतो तसाच वापरून टाकला.

तिच्या घरी देव घासायचं काम लहानपणापासून तिच्याकडे आहे. तिची आई, उर्मिलाकाकू, दर शनिवारी तिच्यापुढे चिंच आणि पितांबरी ठेवते आणि संजना एकेक मूर्ती हातात घेऊन लखलखीत करते. बाळकृष्णाचा गुडघा कुठे झिजलाय, अन्नपूर्णेची पळी कशी वाकलीय, तिला पाठ आहे.

“माझ्या ओळखीचे सगळे देव माझ्या मुठीत मावतात,” ती म्हणाली. “देवळात मोठे असतात म्हणे. पण तिथे हात कोण लावू देतं?”

नंतरचा आठवडाभर तिने एक ओळ लिहिली नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी मला मिरा रोडच्याच हाटकेश भागातल्या एका गाळ्यात उपाशीपोटीची शुगर तपासायला रक्त घ्यायचं होतं. पेशंटचं नाव हरिश्चंद्र. साठीचे, बारीक अंगाचे, हाताच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. मूळचे पेणचे. वडील गणपतीचे साचे करायचे, आणि हे इथे येऊन फायबरच्या मूर्ती करतात, मंडळांच्या देखाव्यांसाठी, लग्नाच्या हॉलसाठी. सकाळचे आठ वाजले होते. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, आणि सुई उघडताना सहज मान वर केली. सुई तशीच हातात राहिली.

त्यांच्या मागे झ्यूस बसला होता. सिंहासनावर, सतरा फूट उंच, डोकं छताच्या लोखंडी तुळयांना टेकायला आलेलं. अजून रंग नव्हता. कच्च्या फायबरचा रंग कोऱ्या चहासारखा असतो, तसा तो होता, आणि छतातल्या पारदर्शक पत्र्यातून येणारं ऊन त्याच्या खांद्यावर पडलं होतं. उजवी मूठ उगारलेली, त्यात वीज. डावा हात गुडघ्यावर उताणा. मी रोज सकाळी दहा घरांत शिरते, काहीही बघायची सवय आहे. तरी दंडाला पट्टा आवळलेला आहे हे मी विसरले.

हरिश्चंद्रकाका हसले. म्हणाले, घोडबंदर रस्त्याला चेणे गावाच्या पुढे एक लग्नाचं लॉन आहे, त्यांना ग्रीक थीम पाहिजे. एक फोटो पाठवला आणि नाव सांगितलं, झूस. लोक याच्या मांडीवर बसून फोटो काढणार. मंगळवारी ट्रक येणार होता, रंग तिकडे लॉनवरच द्यायचा होता.

मी रक्त घेतलं, बाटलीवर नाव लिहिलं, आणि मग तिथेच स्टुलावर बसून त्यांना संजनाबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बघता न येणारी मुलगी देवांवर पुस्तकं लिहिते, याचं त्यांना विशेष वाटलेलं दिसलं नाही.

“हात लावायला काय हाय,” ते म्हणाले. “ह्यो काय देव न्हाय, डेकोरेशन हाय. आण तिला.”

मग त्यांनी अडचणी सांगितल्या. सोमवारी प्रायमर मारणार, त्यानंतर हात लावता येणार नाही. म्हणजे रविवार, आणि तसंही रविवारी कामगार नसतात. वर चढायला बांबूची परांची आहे, पण ती सवयीच्या माणसासाठी. आणि कच्च्या फायबरवर काचेचे बारीक तंतू असतात, ते बोटात शिरले की आठ दिवस निघत नाहीत. मूर्ती ते पुन्हा एकदा पॉलिश पेपरने घासून ठेवतील, पण खात्री देणार नाहीत.

घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं की दोन अडचणी आहेत आणि दोन माणसं आहेत. उंचीसाठी अनिश. बोटांसाठी पिंकी, कारण वॅक्सिंग, थ्रेडिंग करणाऱ्या बाईइतकं कातडीतलं कुणाला कळत नाही. संजना बोटांनी वाचते, बोटांनी लिहिते. त्या बोटांत काच जाऊन चालणार नव्हतं. मी दोघांना वेगवेगळे फोन केले. दुसरा येणार आहे, हे दोघांनाही सांगितलं नाही. संजनालाही फक्त एवढंच सांगितलं की रविवारी दहा वाजता तयार राहा, एका मोठ्या माणसाला भेटायचंय.

रविवारी अनिश आधी येऊन परांची हलवून बघत होता. सेफ्टी बेल्ट, दोर, हूक, सगळं त्याने आणलं होतं. मी संजनाला घेऊन आत शिरले आणि मागोमाग पिंकी आली, हातात पार्लरची पेटी. तिने अनिशला बघितलं, मला बघितलं, आणि माझ्याकडे बघून जे काय गुजरातीत म्हणाली ते मी लिहीत नाही. अनिश वळून पुन्हा बांबूच्या गाठी तपासायला लागला. मला वाटलं आता दोघांपैकी एकजण जाणार. पण मधे संजना उभी होती, मान किंचित तिरकी करून, तोंडाने टिचकीसारखा आवाज काढत. नव्या खोलीत शिरली की ती असं करते. आवाज कुठून परत येतो त्यावरून तिला खोली कळते.

“इथे समोर काय आहे?” तिने विचारलं. “खूप जवळ काहीतरी आहे. आणि ते वरपर्यंत आहे.”

मी सांगितलं. पिंकीने पेटी उघडली, संजनाला स्टुलावर बसवलं, तिची दहाही नखं घासली, काच रुतू नये म्हणून बोटांना टाल्कम पावडर चोळून चोळून जिरवली आणि सांगितलं की हात सरकवायचा नाही, ठेवायचा, उचलायचा, पुढे ठेवायचा. हरिश्चंद्रकाका एका कोपऱ्यात बिडी न पेटवता हातात धरून बसले होते. त्यांनी रेडिओ बंद केला.

संजनाने पायापासून सुरुवात केली. पाऊल तिला एका दमात सापडलं नाही. आधी अंगठ्याचं नख सापडलं, तिच्या तळहाताएवढं. तिला वाटलं हा चौथऱ्याचा काही भाग असेल. मग दुसरं बोट, तिसरं. मग ती थांबली आणि पहिल्या नखाकडे परत आली, त्यावर हात ठेवून उभी राहिली. हे नख आहे, हे तिला तेव्हा कळलं. टाचेपर्यंत जायला तिला चार पावलं चालावी लागली. सँडलचे पट्टे तिच्या दंडाएवढे रुंद होते. घोट्यापासून ती वर आली. नडगीवरून एकेक हात ठेवत, उचलत, पुढे ठेवत. हात तिच्या स्वतःच्या कमरेइतके वर आले, छातीइतके, मग डोक्याच्या वर. तिने दोन्ही हात ताणले, टाचा उचलल्या. हाताखाली अजून नडगीच होती.

“गुडघा आला नाही?” तिने विचारलं.

“नाही अजून,” मी म्हणाले.

ती तशीच उभी राहिली, चवड्यांवर, हात वर, गाल त्या पायाला टेकलेला. मी तिला पंधरा वर्षं ओळखते. रस्ता चुकल्यावर, नोकरीच्या मुलाखतीत, पहिलं पुस्तक हातात आलं तेव्हा, कधीच मी तिचा चेहरा असा बघितला नव्हता. तोंड उघडं होतं, लहान मुलाचं असतं तसं. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मग अनिशने तिला बेल्ट बांधला. तो पुढे चढणार, ती मागोमाग, मी खालून तिची पावलं सांगणार, पिंकी परांचीचा बांबू धरणार. ते दोघं चढायला लागले. मांडीच्या उंचीवर तिने डाव्या हाताची बोटं तपासली. त्याची करंगळी तिच्या मनगटाहून जाड होती. त्याच्या उघड्या तळहातात तिने कोपरापासून आपला हात ठेवला आणि त्याची बोटं तरीही पुढे उरली. छातीवर वस्त्राच्या चुण्या होत्या, प्रत्येक चुणीत तिचा हात आत जात होता. घाई कुणालाच नव्हती. मी घड्याळ बघितलं तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती आणि ती अजून दाढीच्या खाली होती. मी त्या मूर्तीला एका नजरेत बघितलं होतं. सुई उघडता उघडता, अर्ध्या सेकंदात. बघून झालं होतं माझं. खाली उभं राहून वर बघताना मला पहिल्यांदा वाटलं की मी झ्यूसला नीट भेटलेच नाही.

दाढीच्या एकेका कुरळ्या बटेत तिची मूठ बसत होती. ओठ, मग नाकाची कड. मग तिने उजवा हात उजव्या डोळ्यावर ठेवला. तळहाताने तो डोळा जेमतेम झाकला गेला. मग ती चवड्यांवर उभी राहून आणखी पुढे झुकली.

“अनिश,” पिंकी म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा. “तिचा हूक बघ ना.”

“बघितलाय,” तो वरून म्हणाला. “तू बांबू सोडू नको.”

“नथी छोडती.”

बस एवढंच. संजनाला यातलं काही ऐकू आलं असेल असं वाटत नाही. ती दोन्ही हातांनी तो चेहरा धरून होती, म्हणजे धरू बघत होती, कारण एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत तिचे हात पोचत नव्हते. एक बाजू संपवून अनिशने तिला परांचीवरून दुसऱ्या बाजूला नेलं. तिथे ती जास्त वेळ थांबली. भुवईवर बोटं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

खाली उतरल्यावर तिला पाणी दिलं. ती जमिनीवरच बसली, पाठ त्या पायाला टेकून. हरिश्चंद्रकाका समोर येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, कसा झालाय. हे त्यांनी ज्या आवाजात विचारलं त्यावरून मला कळलं की त्यांना आजवर हे कुणी सांगितलेलं नाही. गिऱ्हाईक फोटोशी ताडून बघतं आणि ट्रकमध्ये चढवतं.

संजनाने थोडा विचार केला. मग म्हणाली, “उजव्या बाजूने तो रागावलाय. डाव्या बाजूने नाही. डाव्या बाजूची भुवई वर आहे आणि गालाला खड्डा आहे. त्या बाजूने तो कुणाचीतरी वाट बघतोय. काळजीत आहे.”

काकांनी बिडी खिशात ठेवली. म्हणाले की लॉनवाल्यांनी पाठवलेला फोटो एकाच बाजूचा होता. दुसरी बाजू फोटोत नव्हती. ती त्यांनी आपल्या मनाने केली. करताना समोर कुणी नव्हतं, हात आपोआप गेले. झाल्यावर चार दिवसांनी त्यांना कळलं की हा तर बाबा. पेणच्या कारखान्यात पावसाळ्यात मूर्ती सुकत नसल्या की बाबा असे उभे राहायचे, दारात, भुवई वर करून. ते हे त्यांच्या बायकोलाही बोलले नव्हते.

छतावर कबुतरं चालत होती तेवढाच आवाज. मग काका उठले, झ्यूसच्या मागे गेले आणि त्यांनी आम्हाला बोलावलं. सिंहासनाच्या पाठीला एक फळी अजून बसवायची राहिली होती. आतली लोखंडी चौकट पक्की करायला माणूस आत शिरतो, तीच ही वाट.

“चला, आत बसा,” ते म्हणाले. “चपला हितंच काढा.”

डेकोरेशन म्हणणाऱ्या माणसाने हे सांगितलं. आम्ही चपला काढल्या. आधी अनिश वाकून शिरला, मग संजना, मग मी, शेवटी पिंकी, पेटी पोटाशी धरून. आत चौघांना बसायला कशीबशी जागा होती, गुडघ्याला गुडघा लागत होता. रेझीनचा तिखट वास होता. मला वाटलं होतं की आत काळोख असेल. काळोख नव्हता. रंग न दिलेल्या फायबरमधून ऊन झिरपत होतं आणि आतली सगळी पोकळी मधाच्या रंगाने भरली होती. वर छातीची पोकळी, त्याच्या वर गळा, आणि सगळ्यात वर, फार उंचावर, डोळ्यांच्या खोबण्या आतून उजळलेल्या. आम्ही देवाच्या पोटात बसून त्याचे डोळे मागून बघत होतो. अनिशच्या चेहऱ्यावर तो रंग होता, पिंकीच्या चेहऱ्यावर होता. दोघंही तोंड वासून वर बघत होते आणि पिंकीचा हात अनिशच्या खांद्यावर होता. तो तिने कधी ठेवला मला दिसलं नाही. तिलाही माहीत नसावं.

मला संजनाला ते सांगायचं होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेरून हरिश्चंद्रकाकांनी मूर्तीच्या बरगडीवर तळहाताने हलकेच थाप मारली. तो आवाज कानांनी ऐकला असं मी म्हणणार नाही. तो आमच्या हाडांतून गेला. वरून खाली आला, चौघांमधून फिरला आणि बराच वेळ आत घुमत राहिला. संजनाने माझा हात घट्ट पकडला. आवाज पूर्ण विरल्यावर ती अगदी हळू म्हणाली, “आता कुणी बोलू नका.”

आम्ही किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही.

बाहेर आल्यावर पिंकीने संजनाची बोटं एकेक करून भिंगाखाली तपासली. दोन तंतू निघाले, ते चिमट्याने काढले. अनिशने दोर गुंडाळला. मग त्याने पिंकीला विचारलं की पार्लरचा एसी अजून गळतो का. ती म्हणाली, दुसऱ्या माणसाने दोनदा दुरुस्त केला, अजून गळतो. तो म्हणाला, भिंत चुकलीय. ती म्हणाली, हां बाबा, भिंत चुकलीय. पुढच्या रविवारी त्याने तो काढून समोरच्या भिंतीवर लावला आणि आम्ही तिघी खाली बसून त्याला सूचना देत होतो.

संजनाने जुनं प्रकरण पूर्ण काढून टाकलं. नवं लिहायला तिला सात आठवडे लागले. ते मी प्रूफ म्हणून वाचायला घेतलं आणि ऱ्हस्व-दीर्घ बघायचं विसरले. त्यात चौघे झ्यूसला शोधत चेण्याच्या मागच्या टेकड्यांवर जातात. दाट धुकं आहे, स्वतःचा हात दिसत नाही. समोर एक कातळ लागतो, तो चढायचा ठरतं. एकमेकांच्या कमरेला दोर बांधून, हात ठेवत, उचलत, पुढे ठेवत ते चढायला लागतात. कातळाला एका ठिकाणी रुंद, गुळगुळीत सपाटी लागते. मग लांबलचक चढ. मग खोल चुण्या, ज्यांत हात आत जातो. कातळ कोमट आहे, पण उन्हाने असेल असं त्यांना वाटतं, आणि ऊन तर नाही. पानामागून पान ते चढत राहतात, दमतात, भांडतात, एकजण घसरतो, तिघं दोर धरतात. ‘मोठा’ हा शब्द सबंध प्रकरणात एकदाही येत नाही. शेवटच्या पानावर त्यातली सगळ्यात लहान मुलगी एका खोबणीपाशी पोचते, आधारासाठी तिथे तळहात टेकवते, आणि तिच्या तळहाताखाली पापणी हलते.

वासंतीताईंचा फोन आला तेव्हाही मी तिथेच होते. त्यांनी सांगितलं की त्यांनी ते प्रकरण ऑफिसात वाचलं, खुर्चीतून कधी उठल्या ते कळलं नाही, शेवटचं पान उभ्याने वाचलं. एवढं बोलून त्यांनी इतर पानांवरच्या चुका सांगायला सुरुवात केली.

झ्यूस ठरल्याप्रमाणे मंगळवारी गेला होता. आता तो पांढरा आहे, कडांना सोनेरी रंग आहे, आणि घोडबंदर रस्त्याने जाताना लॉनच्या भिंतीवरून त्याची मूठ दिसते. आम्ही एकदा संजनाला विचारलं होतं, जाऊया का भेटायला. ती नको म्हणाली. हरिश्चंद्रकाकांना मात्र ती जाऊन भेटते. त्यांच्यासाठी तिने पहिल्या दोन भागांचं ध्वनिमुद्रण करून दिलंय. ते मूर्ती घासताना ऐकतात, आणि हेरा बोलायला लागली की हात थांबवून हसतात. त्यांची शुगर अजून जास्तच येते.

तिसरा भाग दिवाळीनंतर आला. भाईंदर पूर्वेच्या एका शाळेने संजनाला प्रकरण वाचून दाखवायला बोलावलं. सातवी-आठवीची चाळीसेक मुलं सतरंजीवर बसली होती, निम्मी घरी हिंदी किंवा गुजराती बोलणारी. आम्ही तिघं मागे भिंतीला टेकून उभे होतो. शनिवार असल्याने मुलांना घरी जायची घाई होती, आणि पहिली दोन पानं कुजबुज चालू होती, कुणीतरी कुणाची वेणी ओढत होतं. संजना ब्रेलच्या कागदांवरून बोटं फिरवत वाचत होती, तिच्या नेहमीच्या सपाट आवाजात, काही नाटक न करता. धुकं आलं. कातळ लागला. दोर बांधून झाले.

कुजबुज कधी थांबली माझ्या लक्षात आलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मान थोडी वर केली. मग तिच्या बाजूच्या मुलाने. संजना चुण्यांपर्यंत आली होती, एकेक हात, एकेक पाऊल, आणि मुलांच्या माना तिच्याबरोबर हळूहळू वर वर जात होत्या. शेवटचं पान आलं तेव्हा सगळी चाळीस मुलं छताकडे बघत होती. शिक्षिका बघत होत्या. अनिश आणि पिंकीही बघत होते. संजनाने शेवटची ओळ वाचली आणि कागदावरून बोट उचललं. खोलीत काही म्हणजे काही आवाज झाला नाही.

ती घाबरली असावी. मान तिरकी करून तिने माझी चाहूल घेतली. मी पुढे होऊन तिच्या खुर्चीपाशी वाकले.

“गेली का सगळी?” तिने विचारलं.

“नाही. आहेत. वर बघतायत.”

“वर काय आहे?”

मीही मान वर केली.

“पंखा आहे,” मी म्हणाले.